माझ्या बाजूचा ब्रेक

३ मार्च, सकाळी
कोलेस्टेरॉलच्या गोळीला दीड वर्ष झालं. रिपोर्ट झकास, डॉक्टर खूश. पायांना मुंग्या येतात हे त्यांना बोललो नाही. उगाच फाटे फुटतात. वीस तारखेला त्यांच्याकडूनच फिटनेस सर्टिफिकेट घ्यायचंय. बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. चार मुंग्यांपायी नोकरी घालवू?
संकल्प: रोज अर्धा तास चालणे.

४ मार्च
चाललो नाही. बूट चावतो.

६ मार्च
रिटायर्ड मुख्याध्यापिकाबाईंचा पंधरावा धडा. गाडी दर चौकात बंद पाडतात. अ‍ॅक्सिलरेटर द्या म्हटलं. देतेच आहे म्हणाल्या. ब्रेक आपोआप खाली जातो म्हणे. म्हटलं, बाई, आपोआप फक्त चष्मा खाली जातो. शिकवणाऱ्यांना शिकवणं म्हणजे नुसती डोकेफोड. नशीब, ट्रेनिंगच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्याच्या जिवावर आजवर एक ओरखडा नाही.

९ मार्च
हिने गोळ्यांच्या खोक्यातला कागद भिंग लावून वाचला. क्वचित नसांना इजा होऊ शकते. मी म्हटलं, क्वचित म्हणतायत ना. मी आयुष्यात कधी क्वचितांमध्ये नव्हतो. शाळेतसुद्धा साठ जणांत तिसावा. ही म्हणाली, डॉक्टरांना विचारा.
संकल्प: विचारणे. वीस तारखेनंतर.

१२ मार्च
मुंग्या पूर्ण बंद. पावलांना काही म्हणजे काही जाणवत नाही. बरा झालो. हिला ऐटीत सांगायला गेलो तर ही माझ्या पायांकडेच बघत बसली. एकच चप्पल होती. दुसरी जिन्यात सापडली, दोन मजले खाली. चपलांचा दर्जा घसरलाय हल्ली.

१४ मार्च
मेकॅनिक म्हणतो, ब्रेक लायनर जळलेत, कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतंय. बाईंना फैलावर घेतलं. त्या शांतपणे म्हणाल्या, माझा पाय कुठे असतो ते मला कळतं. काय हा तोरा.

१७ मार्च, दुपारी
बाईंची टेस्ट. माझ्या सीटवर परीक्षक, मी रस्त्यावर. सांत्वनाची दोन वाक्यं तयार ठेवली होती. गाडी सुळकन निघाली. चढावरसुद्धा अडली नाही. पहिल्या फटक्यात पास. उतरल्यावर बाई माझ्याशी बोलल्या, पण बघत होत्या माझ्या बुटांकडे.

१७ मार्च, संध्याकाळी
गाडीत एकटाच बसलो, नेहमीच्या सीटवर, नेहमीसारखा. पाय खाली मॅटवर आहे याची शंभर टक्के खात्री होती. वाकून बघितलं. ब्रेकवर होता. उचलून बाजूला ठेवला. कुठे ठेवला ते बघायला परत वाकलो.
या महिन्यात माझ्या शेजारी बसून गाडी बंद पाडणारे पाच जण आठवले. पाचही जणांना मी ठोंब्या म्हटलंय. आणि समोर कोणी अचानक आलं असतं, तर मी काय दाबलं असतं? भीती वाटली. हिला सांगितलं. ही रागावली नाही, त्याने जास्तच घाबरलो.

२० मार्च
डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटायला लावले. टाचणी टोचली की सांगा म्हणाले. मी बराच वेळ वाट बघून विचारलं, कधी टोचताय? टोचून झालं होतं. दोन्ही पायांना, सहा वेळा.
गोळीने असेल, साखरेने असेल, बी-ट्वेल्व्ह कमी असेल. तपासण्या करू, गोळी मनाने बंद करू नका, गरज पडली तर बदलू. मी विचारलं, परत येईल का सगळं? बघू म्हणाले. सर्टिफिकेटचं विचारलं, तर पेनाला टोपण लावून पेन खिशात ठेवलं.
हिने फोन करून बाईंना बोलावलं होतं; घरी त्यांनी सोडलं, आमच्याच ट्रेनिंगच्या गाडीतून. ही मागे, माझे बूट मांडीवर घेऊन. मी माझ्या सीटवर, बाईंच्या हुकमाने मांडी घालून. अख्ख्या रस्त्यात गाडी एकदाही बंद पडली नाही.
संकल्प: पाय खाली न सोडणे.