लॉट ‘अ’ पास

९ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
स्वरदाला एमडीसाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आहे. चार दिवस उरलेत. पोरीची तीन वर्षं तिथे जाणार, म्हणून रिव्ह्यू वाचायचं काम मी स्वतःकडे घेतलं. अंबडच्या कंपनीत एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. खराब नग माझ्या हातून सुटलेला नाही. (एकदा सुटला. तो दुसऱ्या शिफ्टचा होता.)

१० नोव्हेंबर
लॉट अ : खासगी. एकोणतीस रिव्ह्यू, सगळे पाच तारे. नावं नाहीत. सगळ्यांत ‘घरच्यासारखं वातावरण, सरांचं पितृतुल्य मार्गदर्शन’. काना-मात्रेचा फरक नाही. याला म्हणतात क्वालिटी!
लॉट ब : सरकारी. अकरा रिव्ह्यू, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. कुणी म्हणतो हॉस्टेलला पाणी नाही, कुणी छत्तीस तासांची ड्यूटी, एक मुलगी म्हणते रोज रडले पण हात बसला. असला लॉट आम्ही गेटवरून परत पाठवायचो.

११ नोव्हेंबर
स्वरदा म्हणाली, बाबा, ब वाले खरं बोलतायत. आणि एकोणतीस जणांना एकच वाक्य कसं सुचतं? म्हटलं, चांगल्या संस्थेत शिस्त असते. तिची आई शैला म्हणाली, तिथल्या एखाद्या मुलीला फोन तरी करा. म्हटलं, इन्स्पेक्टर नगाशी गप्पा मारत नाही. ती मेथी निवडत बसली.

१३ नोव्हेंबर
यादी भरली. अ पहिलं, ब दुसरं. स्वरदाने विचारलं, नक्की ना? म्हटलं, एकतीस वर्षं! तिने बटण दाबलं.

२४ नोव्हेंबर
अ मिळालं!! कॉलनीत पेढे. तिचा वर्गमित्र संघर्ष ब ला गेला. बिचारा.

२० डिसेंबर
स्वरदाचा फोन नाही. मन रमलेलं दिसतंय.

३० जानेवारी
फोन आला. दिवसभर फाइली भरते म्हणाली, पेशंटच नाहीत. तपासणीच्या दिवशी गाड्या भरून धडधाकट माणसं आणली आणि खाटांवर निजवली. म्हटलं, अगं, ऑडिटला आम्हीही चांगले नग वेगळे काढून ठेवायचो. तिने फोन ठेवला. नेटवर्क असेल.

८ फेब्रुवारी
संघर्ष भेटला. वाळलाय. हॉस्टेलला खरंच पाणी नाही म्हणे. पण सांगत होता, काका, परवा एक पेशंट मी वाचवला. पोरगं हसत होतं. विषय बदलला.

१५ मार्च
परवा शैलाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. स्वरदाला यायचंय. पण पाच ताऱ्यांचा रिव्ह्यू टाकल्याचा स्क्रीनशॉट दाखवल्याशिवाय सर रजेवर सही करत नाहीत. वाक्यही तेच देतात. म्हणाली, बाबा, माझ्याच्याने लिहवत नाही, तुम्ही लिहा. आवाज रडवेला होता. पासवर्ड पाठवलाय.

१६ मार्च, सकाळी ५.४०
‘घरच्यासारखं’ एवढं लिहिलं आणि हात थांबला. साडेतीन महिने पोर घरी आलेली नाही. फार वाईट वाटलं. शैला म्हणाली, लिहा आता. लिहिलं. पाच तारे.

दुपारी १.१५
रजा मंजूर.
आता अ चे एकूण एकेचाळीस रिव्ह्यू झालेत. सगळे नीट तपासले, दोनदा. त्यातला माझा कोणता, ते ओळखता आलं नाही.