मुहूर्ताच्या दिवशीची लाइन

२० ऑगस्ट
पापनाशमजवळच्या दवाखान्यातून कलैवाणी सिस्टरचा परत फोन. "अण्णा, ईसीजी तंजावूरच्या डॉक्टरांकडे जातच नाही. तुम्ही आलात की बरी धावते तुमची इंटरनेटची लाइन. तुम्हाला घाबरते का?" तिसऱ्यांदा गेलो. स्पीड पूर्ण. काही सापडलं नाही. परतीच्या बसमध्ये लाज वाटत होती.

२२ ऑगस्ट
तक्रारींच्या तारखा कागदावर लिहिल्या. समोर भिंतीवर कॅलेंडर. सगळे मुहूर्ताचे दिवस! दवाखान्याला लागून मंगल कार्यालय. लग्न असलं की कॅमेरे, पाहुण्यांचे फोन, सगळं आमच्याच लाइनवरून.

चूक माझी. घरात मराठी सगळे बोलतात, पण ही लिपी दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, तेव्हा इथं स्पष्ट लिहितो. जोडणी करताना बँडविड्थ प्रोफाइल, म्हणजे किती डेटा जाऊ द्यायचा त्याचं माप, दवाखान्याला आणि कार्यालयाला वेगवेगळं द्यायचं, ते मी स्विचच्या ज्या पोर्टवर दोघं आहेत, त्या अख्ख्या पोर्टवर एकच लावलं. दोघांत मिळून एकच माप. कार्यालय ते संपवतं. मापावरची डेटाची पॅकेटं, त्यात ईसीजीही, स्विच टाकून देतो. आवाज नाही, दिवा नाही.

२५ ऑगस्ट
ऑफिसात आमच्या मुरुगेसन सारना सांगितलं. रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "नीट कर. कार्यालयवाल्याला तोंड तूच दे."
केलं. दोन प्रोफाइल. दवाखान्याला ठरलेला वेग, तेवढ्या डेटावर हिरवी खूण, ते जाणारच. कार्यालयाला हिरवं थोडं. त्यावरचं पिवळं, वाट मोकळी असली तर जाईल. त्याच्याही वरचं लाल, दारातच टाकायचं. सिस्टर काही पाठवत नसेल तेव्हा कार्यालयाला जवळजवळ सगळी वाट. ती पाठवायला लागली की पिवळं गळणार.

२८ ऑगस्ट
अक्का आली. तिच्या वैदेहीचं लग्न ४ तारखेला, त्याच कार्यालयात. माहीत होतं, दोन्ही गोष्टी डोक्यात एकत्र येऊ दिल्या नव्हत्या. भावजींना मस्कतहून सुटी नाही. मुलीचं लग्न फोनवर बघणार.
"तासभर सगळी लाइन आमच्याकडे वळव. तुझ्या हातात आहे ना?"
"आहे."
"मग? तुझ्या सारना कॉफी पाजू का?"
हसलो.

३ सप्टेंबर
सकाळी मारुतीसमोर बराच वेळ बसलो. काय मागावं ते ठरेना. उद्या मुहूर्ताच्या वेळेत, नऊ ते साडेदहा, कुणी आजारी पडू नये, एवढं मागून उठलो. सेटिंग तसंच ठेवलं.

४ सप्टेंबर
लग्न झालं. जेवणाच्या पंगतीआधी भावजींचा फोन. "वैदेहीनं मान खाली घातली, तिथंच चित्र थांबलं. परत आलं तेव्हा मंगळसूत्र गळ्यात होतं."
"व्हिडिओ पाठवतो, भावजी."
"तो काय, पुढच्या वर्षीही बघीन रे."
दुपारी सिस्टरचा फोन. "अण्णा, ईसीजी आज एका दमात गेला! नऊ चाळीसला. एक तात्ता, म्हातारे आजोबा, आले होते, छाती धरून. डॉक्टरांनी ईसीजी पाहिला, लगेच अँब्युलन्सनं तंजावूरला बोलावलं."
नऊ चाळीस. आमच्याकडे मंगलाष्टकं संपली होती, मंगळसूत्र बांधत होते.

६ सप्टेंबर
अक्का सगळ्यांना सांगते आहे, कार्यालयवाल्याचा कॅमेरा भिकार. मी समोर असून गप्प. हे बरं नाही.

भावजींना खरं सांगायचं, चित्र माझ्या सेटिंगनं थांबलं. आधी सिस्टरला विचारावंसं वाटतं, तात्ता वाचले का. वाचले असतील तर सांगणं किती सोपं. पण दवाखान्याचं हिरवं ठरवलं तेव्हा तात्ता कोण, मला ठाऊकही नव्हतं. वाचले नसते तरी तेच ठेवलं असतं ना?

म्हणून आधी भावजींना. सकाळपासून दोनदा फोन हातात घेतला. दोन्ही वेळा नंबर काढला तो सिस्टरचा.