चिमणीची दोन लग्नं

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. आ. (मोठ्या जावेनं लिहायचे म्हणून लिहिले. तेवढ्यावरून हुरळून जाऊ नकोस.)

फोनवर तुझा आवाज ऐकायची माझी तयारी नाही, म्हणून हे पत्र ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. त्याला पाणी विचार आणि उत्तर त्याच्याच हाती दे.

तुझी कादंबरी वाचली. मागच्या बाजूला छापलंय की दीडशे वर्षांपूर्वीची एक गाजलेली परकी कादंबरी तू आजच्या श्रीमंत घरात आणून बसवली आहेस. आजचं श्रीमंत घर! अगं, ते माझं घर आहे. आम्ही टाइल्स बनवतो आणि तुझ्या पुस्तकातले लोक नळ बनवतात, एवढाच काय तो फरक. जेवणाचं टेबल तेच, पोहण्याच्या तलावाकाठची पांढरी छत्री तीच. आणि लेकीला बड्या घरात खपवायला निघालेली, पाहुण्यांच्या बुटांवरून त्यांची ऐपत जोखणारी ती जाडी, बडबडी आई कोण, हे क्लबातल्या वेटरनंसुद्धा ओळखलं. परवा मी आत शिरले तर पत्त्यांच्या टेबलावर सगळ्या एकदम गप्प झाल्या आणि एकीनं चक्क माझ्या चपलांकडे पाहिलं.

भावोजी गेल्यावरही आम्ही तुला वरच्या मजल्यावर ठेवलं. कमी काही पडू दिलं नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात असं ऐकून होते, तू तर मोजून छापलेस.

हेही मी गिळलं असतं. पण काल हॉटेलवाल्यांच्या बाईंचा फोन आला. आमच्या चिमणीचं त्यांच्या धाकट्याशी ठरलेलं लग्न त्यांनी मोडलं. म्हणाल्या, पुस्तक घरात सगळ्यांनी वाचलं, आता पुढे जाण्यात अर्थ नाही. पत्रिका छापून तयार आहेत. पोरगी कालपासून खोलीबाहेर आलेली नाही. चुलतीनं पुतणीचं असं वाटोळं केलेलं मी तरी पाहिलं नाही.

पुस्तक मागे घे. आणि त्या बाईंच्या दारात स्वतः जाऊन सांग की हे सगळं तुझ्याच सुपीक डोक्यातलं आहे. तोवर लोभाबिभाचं नाव काढू नकोस.

तुझी (नाइलाजानं)
थोरली जाऊ

—

६ फेब्रुवारी

ती. जाऊबाईंस,

सा. न. वि. वि.

ड्रायव्हरला पाणी दिलं, चहा दिला, वर बिस्किटंही दिली. तुमच्याकडे इतकी वर्षं राहिले, पण मला एवढं कोणी विचारल्याचं आठवत नाही.

‘जाडी’ हा शब्द माझ्या पुस्तकात नाही. तुमचं पत्र आल्यावर पुन्हा सगळं चाळलं, कुठेच नाही. तो तुम्ही तुमच्या मर्जीनं घेतलात.

वरच्या मजल्यावर ‘ठेवलं’ म्हणालात, शब्द अगदी नेमका आहे. पाहुणे आले की मला टेबलाच्या टोकाला, ऑडिटरशेजारी बसवायचात. तो बिचारा घास मोजून चावायचा आणि मी ऐकत बसायचे. गप्प बसलेल्या माणसाला जास्त दिसतं, हा काही माझा गुन्हा नव्हे. आणि खरं सांगू? अशी आई मूळ कादंबरीतच आहे. त्या लेखकानं दीडशे वर्षांपूर्वी, सात समुद्रांपलीकडे बसून तुम्हाला पाहिलेलं नव्हतं. तरी तुम्हाला त्यात तुम्हीच दिसता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

पुस्तक मी मागे घेणार नाही. हॉटेलवाल्यांच्या दारातही जाणार नाही. जे घर एका कादंबरीनं हादरतं, त्या घरात पोर गेली नाही हे बरंच झालं. चिमणीला चार दिवस माझ्याकडे धाडा. तुमच्या घरात तिला मोकळेपणानं रडताही येत नसेल.

लोभ मुळात होताच कुठे, म्हणून तो वाढवा असं म्हणत नाही.

आपली
धाकटी

—

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद संपले आहेत.

तुझं पत्र वाचून संताप आला, पण डोकं थंड ठेवून पुस्तक दुसऱ्यांदा वाचायला घेतलं. त्यात ते जिन्याचं प्रकरण आहे. आई मुलीला उंच टाचांच्या चपला घालून जिना उतरायला लावते. पुन्हा वर जा, पुन्हा उतर, पायांकडे बघायचं नाही, ओठ मिटूनच हसायचं. शेवटी मुलीच्या टाचेतून रक्त येतं आणि आई म्हणते की चला, एकदाचं जमलं.

हे माझ्या घरात गेल्या पावसाळ्यात घडलं. तू घर सोडून तोवर किती तरी दिवस झाले होते. म्हणजे माझ्या घरात तुझा कान होता! त्या वेळी दिवाणखान्यात मी, चिमणी आणि खुर्चीवर चढून काचा पुसणारी आमची स्वयंपाकीणबाई, एवढ्याच होतो. तिला मी काल काढून टाकलं. बाई रडली, माझ्या पाया पडायला निघाली, म्हणाली की तिनं कुणाला काही सांगितलेलं नाही. मी ऐकलं नाही. हे पापही तुझ्याच खात्यावर मांड.

थोरली

—

१२ फेब्रुवारी

ती. जाऊबाईंस,

सा. न.

घाईत लिहिते आहे. ड्रायव्हरला गाडी हळू चालवू नकोस म्हणून सांगितलंय.

स्वयंपाकीणबाईंना आजच्या आज परत बोलवा. त्यांनी मला काही सांगितलं नाही. त्यांचा माझा त्या घरातून निघाल्यापासून संबंधच नाही. कुणी सांगितलं ते मी सांगणार नाही. तुम्ही कितीही आदळआपट केलीत तरी नाही.

धाकटी

—

२० फेब्रुवारी

आई, काकू,

दोघींना हे एकच पत्र आहे, त्याच्या दोन प्रती काढल्या आहेत. कमीजास्त लिहिलं असं कुणी म्हणायला नको.

आई, जिन्याचं काकूला मीच सांगितलं. बाई परत आल्या, बरं झालं. त्यांना काढलंस त्या दिवशीच मी बॅग भरली. आणि पुस्तक हॉटेलवाल्यांकडे पाठवलं तेही मीच. त्यांच्या धाकट्यानं ते वाचलं आणि मला फोन करून विचारलं की पुस्तकातली मुलगी मनातून सारखं नाही नाही म्हणत असते, तसं माझं आहे का. मी हो म्हटलं. तो म्हणाला की त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या घरी काय सांगायचं ते त्यानंच सांगितलं. त्याच्या आईचा तुझ्यावर राग नाही. तिला ते पुस्तक फार आवडलं म्हणे, मैत्रिणींना वाटत सुटली आहे.

मी तुला सरळ सांगितलं नाही असं म्हणू नकोस. गाडीत सांगितलं, तेव्हा तू ड्रायव्हरला ऐकू जाईल म्हणून रेडिओ मोठा केलास. कपड्यांच्या दुकानात सांगितलं, तेव्हा तू मापं घेणाऱ्याला म्हणालीस की कमरेत अजून जरा आत घ्या. तुझ्या खोलीत येऊन सांगितलं, तेव्हा म्हणालीस की सवय होते.

काकू, तू खूश होऊ नकोस. मी तुझ्याकडे येऊन रडले ते छापायला नव्हतं. तरी तेवढं मी सोडून दिलं असतं. पण शेवट काय केलास? ती मुलगी आईनं निवडलेल्या श्रीमंताला नाकारते आणि शेजारच्या बंगल्यातल्या, त्याहून श्रीमंत आणि पुस्तकं वाचणाऱ्या माणसाशी लग्न करून सुखी होते! मी विचारलं तर म्हणालीस की मूळ कादंबरीत तसंच आहे. टाइल्सचे नळ करता आले, घोडागाडीची मोटार करता आली, मग शेवट तेवढा तुला हलवता आला नाही? पुस्तकातली मुलगी माझ्यासारखीच जनावरांची डॉक्टर आहे म्हणतेस, पण अख्ख्या कादंबरीत ती एकाही जनावराला हात लावत नाही. आईसुद्धा पाहुण्यांना ‘मुलगी डॉक्टर आहे’ एवढंच सांगायची, कसली ते गाळून. तुम्हा दोघींना वाटतं तितक्या तुम्ही वेगळ्या नाही.

आईनं माझं एक लग्न ठरवलं, तू दुसरं लावून मोकळी झालीस. मला विचारलं कुणीच नाही.

मी गुरांच्या दवाखान्यात नोकरी धरली आहे. पत्ता बाबांना दिला आहे. ते कागद कुठे ठेवतात ते त्यांनाही सापडत नाही, म्हणजे मला थोडे दिवस शांतता मिळेल.

चिमणी

—

३ मार्च

ती. जाऊबाईंस,

सा. न. वि. वि.

तुमच्याकडून काही नाही, म्हणून मीच लिहिते आहे. चिमणी कुठे आहे ते कळलं का? मला कळवायला तुम्ही बांधील नाही, हे ठाऊक आहे. तरी विचारते.

ती तुमच्यावर उखडली याचं मला नवल नाही. माझ्यावर उखडेल असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी तिच्या बाजूची होते, जाऊबाई. त्या घरात तिची बाजू घेणारी मी एकटीच होते, आणि हे तुम्हालाही नाकारता येणार नाही.

प्रकाशक दुसरी आवृत्ती काढतो आहे. म्हटलं, निदान शेवट बदलू. टेबलाशी बसले आणि लक्षात आलं की ती पोर दिवसभर काय करते, जनावराला नेमकं कुठून हात लावतात, सुट्टीत तिला काय आवडतं, यातलं मला काहीच ठाऊक नाही. तुमच्या बोलण्याच्या लकबी मला तोंडपाठ आहेत. तिचं काहीच नाही. ती रडायला आली की मी तुमच्याबद्दलच विचारत बसायचे.

हेही तुमच्यामुळेच झालं, असं म्हणायचा मोह होतो आहे. म्हणतेच. तुमच्यासारखं माणूस समोर असलं की दुसरं कुणी दिसत नाही.

धाकटी

—

२९ मार्च

चि. धाकटीस,

चिमणीच्या बाबांना तो कागद अखेर चष्म्याच्या डबीत सापडला. गेल्या रविवारी मी एकटी गेले.

लांबट पत्र्याची शेड, ओली फरशी, आणि वास असा की मी नाकाला रुमाल लावला तो लावलाच. पोरीचा एक हात कोपराच्या वरपर्यंत गाईच्या पोटात होता. मान न वळवता ती ओरडली की नंबर येईपर्यंत बाहेर बसा. मी कोण हे तिला दिसलं नव्हतं. बसले. शेजारी एक बाई शेळी घेऊन बसली होती. त्या शेळीनं माझ्या शालीचं टोक चघळून टाकलं आणि बाईनं मलाच ऐकवलं की लोकरीचं तिला बाधतं. माझ्याशी अशा सुरात बोललेलं माणूस तुझ्यानंतर तीच.

सगळी जनावरं संपल्यावर चिमणी बाहेर आली. मी येताना वाटेत पुष्कळ जुळवलं होतं. तुझ्यावर खापर कसं फोडायचं तेही ठरवलं होतं. पण समोर उभी राहिल्यावर तोंडून एवढंच निघालं की त्या गाईला झालं काय होतं. तर ती सांगायलाच लागली. वासरू आडवं आलं होतं, पाय कसा सापडला, दोर कुठे बांधला, हातांनी करून दाखवत होती. जन्मात ती माझ्याशी इतकं बोलली नसेल. मला त्यातलं पावही कळलं नाही, पण मध्ये तोंड घातलं नाही. जमतं मला. तू लिहितेस तशी काही मी अगदीच नाही.

माफी तिनं मागितली नाही, मीही नाही. निघताना म्हणाली की येत जा, पण कुणाला दाखवायला आणू नकोस.

तुझ्यासाठीही निरोप आहे. मी निरोप गिळणारी नाही, म्हणून लिहिते. काकूला यायचं तर येऊ दे, म्हणाली, पण इथलं काही छापायचं नाही. मी तिला बजावलं की हिचा भरवसा धरू नकोस. ती म्हणाली की तिचं मी बघून घेईन.

तेव्हा जा. जाताना बूट घाल, चप्पल घालशील तर पस्तावशील. माझ्या मनातला तुझा राग तिळभर कमी झालेला नाही आणि होईलसं वाटत नाही. फाटकात गाठ पडली तर मी ओळख दाखवणार नाही.

रविवार माझा आहे. तू दुसरा वार बघ.

चिमणीची आई