आतलं अस्तर

बारामती, ११ नोव्हेंबर १९९८

आले एकदाची. एसटीतून उतरले तर प्रयोगशाळेचे प्रमुख कोकरे सर स्वतः जीप घेऊन हजर. माझी खोली प्रयोगशाळेच्या वरच्याच मजल्यावर आहे. खिडकीतून कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या दिसतात. रक्त गरगर फिरवून वेगळं करणाऱ्या नव्या सेंट्रिफ्यूजचं प्लास्टिक सरांनी मला काढायला लावलं. औरंगाबादला फोन केला. बाबांनी आख्ख्या गल्लीत पेढे वाटलेत.

काम असं: इंदापूरकडची चाळिशीच्या आतली माणसं हृदयविकारानं जातायत. कोलेस्टेरॉल वाढलेलं नाही, तंबाखू नाही. सरांच्या मते दुखणं रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात आहे. तिथं दाह होतो, अस्तर सुजतं, आणि एक दिवस फाटून गुठळी धरते. शरीरात दाह असला की रक्तात सीआरपी नावाचं प्रथिन वाढतं. आम्ही तेच मोजणार.

१९ नोव्हेंबर

आज वरकुटे गावी गेलो. तिथल्या सर्जेरावांचा थोरला भाऊ उन्हाळ्यात असाच गेला, म्हणून त्यांचं रक्त घेतलं. शीर सापडेना, पुन्हा पुन्हा टोचावं लागलं. मी ओशाळले तर म्हणाले, "घ्या की निवांत. मला कायबी लागत न्हाय." त्यांच्या बायकोनं, धोंडाबाईंनी, चहा दिला. भावाच्या मरणाबद्दल दोघं पावसापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होते.

२१ नोव्हेंबर

सर्जेरावांचा सीआरपी न्यूमोनियाच्या रुग्णाइतका. अंगात ताप नव्हता. चाचणी पुन्हा केली, तेच. सर म्हणाले, उद्याच त्यांना घेऊन येऊ.

२२ नोव्हेंबर

पोचलो तेव्हा सर्जेराव ओसरीवर बसल्या जागी गेलेले होते. समोर धोंडाबाई मेथी निवडत होत्या. त्यांना माहीत होतं. "मगाशीच गेलं," म्हणाल्या. कुणाला बोलावलं का नाही, असं विचारल्यावर त्यांनी मेथीची पुढची जुडी सोडली.

"बोलवावं आसं वाटलंच न्हाय, बाई. रडूबी येत न्हाय. आत काय हालतच न्हाय."

इंदापूरला शवविच्छेदन झालं. सरांनी हृदयाची धमनी उभी चिरली. घाईत हातमोज्यासकट बोटही कापलं. अस्तर लाल, ओलं, जिभेसारखं. मेंदूतल्या वाहिन्याही तशाच.

२४ नोव्हेंबर

धोंडाबाईंचं रक्त घेतलं. सुई काढताना बाहेर जीपचा हॉर्न वाजला, मी दचकले आणि सुई माझ्या अंगठ्यात गेली. सर म्हणाले, साबणानं धू, दाह काही एकाचा दुसऱ्याला लागत नसतो.

२९ नोव्हेंबर

धोंडाबाईंचाही सीआरपी तेवढाच. त्यांचं दिराशी किंवा नवऱ्याशी रक्ताचं नातं नाही. म्हणजे हे आनुवंशिक नाही. सर कागदाकडे बघत राहिले. "मग हे लागतंय," म्हणाले. माझ्या अंगठ्याकडे त्यांनी बघितलं नाही. स्वतःच्या बोटाकडे बघितलं.

अंगठा अजून वाहतोय.

२ डिसेंबर

धोंडाबाई गेल्या. ड्रायव्हर दत्तोबांनी सांगितलं. मी नोंद केली आणि जेवले.

नंतर माझं रक्त काढलं. सुई आत गेलेली कळली नाही.

५ डिसेंबर

माझा निकाल आला. सर कागद घेऊन जिना धावतच चढले, उद्या तुला पुण्याला नेतो म्हणाले. मी बरं म्हटलं.

आईचा फोन. बाबा पहाटे गेले — झोपेतच, जुन्या दम्यानं. मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, "करुणा, तुला ऐकू आलं ना?"

आलं ना. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढं आणला. आला. त्याच्यापुढं काही —

६ डिसेंबर

सर आले. खुर्चीत बसले. पुण्याचं बघू नंतर, म्हणाले. घाई नव्हती त्यांना. चहा गार होईपर्यंत दोघं बसलो —

औरंगाबादची गाडी दुपारी होती. गेले नाही.

९ डिसेंबर

सर खालीच आहेत. टेबलाशी. काल दुपारपासून हललेले नाहीत. कुणाला सांगितलं नाही मी —

बोटं निळसर. घाम. छातीत काहीतरी चाललंय, पण ते दुसऱ्या कुणाच्या —

खाली रिक्षा थांबली. आईचा आवाज. दत्तोबांना माझी खोली विचारतेय. रडतेय.

जिना चढतेय. आली की माझे दोन्ही हात धरेल, हा वाहता अंगठाही. तिच्या बोटांवर विळीनं कापल्याच्या ताज्या जखमा असतात नेहमी. तिला खालीच थांबवायला हवं. ओरडायला हवं. नुसतं दार लावलं तरी —