चढावरची गाडी

बाबा, इथूनच तुमच्या आणि आईच्या पाया पडतो.

मी ठणठणीत आहे. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर मिळतं. आईचा गुडघा कसा आहे?

साहेबांच्या बंगल्यांसाठी डोंगरावर नेलेली इथली छोटी रेल्वे पर्यटकांसाठी पुन्हा सुरू झाली. चढावर इंजिन दमलं की गोरे आत बसून राहायचे आणि थर्ड क्लासवाले उतरून ढकलायचे, त्यात इथे माळीकाम करणारे आजोबाही असायचे, असं तुम्ही सांगायचात ना? तीच ही गाडी. मी इंजिन असं दुरुस्त केलं की आता ते एका दमात चढतं.

मॅनेजरला नेमकं तेच खुपलं. म्हणाला, "चढावर थांबव. लोकांना इतिहास बघायचाय." आता तिथे मुद्दाम ब्रेक लावतात. भाड्याची माणसं फाटके कपडे घालून ढकलायचं सोंग करतात आणि आतले पाहुणे हसत फोटो काढतात. शिसारी येते बघून! काल एक जण आला नाही, तर मॅनेजरने त्याचा फाटका सदरा माझ्या अंगावर फेकला.

मी ढकलली, बाबा. रात्री न जेवताच झोपलो. काळजी करू नका, तब्येत बरी आहे.

आजोबा ढकलायचे तेव्हा गाडी निदान खरोखर अडलेली असायची.

तुमचा,
धाकटा