ताईने पुरं केलेलं काम

३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वस्तीत नमुन्याचं बांबूचं घर उभं राहिलं. आमची संस्था घरं फुकट वाटत नाही, पण नफ्यापायी कुणाचा गळाही कापत नाही. बांबू थेट शेतकऱ्यांकडून घेतो, मजुरी वस्तीतल्याच माणसांना देतो, म्हणून घर परवडतं. हे सगळं पटवून झालं आणि दूधवाल्या काकूंनी भर सभेत विचारलं, की तुमच्या घरचं कोणी राहतं का असल्या घरात?

वस्तीने नकार दिला तर संस्थेला टाळं लागेल. आईमागे तूच मला वाढवलंस, आणखी मागायला लाज वाटते. तरी मागतो. जूनमध्ये वस्ती निर्णय घेईल, तोवर त्या घरात येऊन राहशील?

तुझ्या रागालोभाचा हक्काचा धनी,
बारक्या

१२ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

म्हातारपणी मला टोपलीत बसवायचा बेत दिसतो! शेजारीण म्हणाली, वाऱ्याने उडून जाशील. तिला म्हटलं, मी आत असताना घर हलायची बिशाद नाही. तेव्हा शिलाई मशीन घेऊन येते. भाड्याची खोली मात्र सोडणार नाही; माझा विश्वास तुझ्यावर आहे, बांबूवर नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी काळजी करण्यात मुरलेली,
ताई

२ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

घर गार आहे आणि मशीनवर भरपूर उजेड येतो, एवढं कबूल करते. तू बांबू आणायला डोंगरात गेलास तो तिकडचाच झालास. इथे बायका काही ना काही निमित्त काढून घर निरखून जातात. तुझं नाव खाली जाऊ नये म्हणून रोज घराभोवती पाणी मारून लख्ख ठेवते. गवंड्याने एक काम अर्धवट टाकलं होतं, तेही माझ्या हाताने पुरं केलं. आलास की बघ आणि शाबासकी दे.

माया आहे तशीच असू दे.
ताई

१८ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझी ताई मूर्ख आहे, हे आधी लिहून टाकते. घराचे खांब जमिनीला न टेकता दगडांवर उभे आहेत, ते मला ओकेबोके, गवंड्याने अर्धवट टाकलेले वाटले. मी दगडांभोवती खांबांच्या बुडापर्यंत माती भरली, वरून सिमेंट लिंपलं आणि रोज पाणी मारत गेले. काल सकाळी ओसरीतला खांब तळाशी काळा पडलेला दिसला. अंगठा दाबला तर आत गेला. आणि नेमकी संध्याकाळी वस्ती निर्णय घ्यायला माझ्याच अंगणात जमणार होती.

खरं सांगते, खांबापुढे ट्रंक सरकवून ठेवली होती. मग माणसं आली, पोरंबाळं कडेवर घेऊन आली. ह्यांच्या डोक्यावर हेच छप्पर येणार, असं मनात आलं आणि ट्रंक बाजूला ओढली. चूक माझी आहे, भावाची नाही, असं सर्वांना सांगितलं.

वस्तीतल्या सुतारकाकांनी छताला टेकू दिला, कुजलेला भाग कापून नवा तुकडा जोडला. दूधवाल्या काकूंनी पदर खोचून स्वतः बोल्ट आवळले. बिघडलं तर आपल्या हातांनी नीट करता येतं, हे बघितल्यावर त्यांनीच घरासाठी पहिलं नाव दिलं. मागोमाग सगळे आले.

आता रागाव, पण फार नको.
ताई

२६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळावर हात मारला आणि मग ओक्साबोक्शी रडलो. बांबूवाले काका घाबरून पाणी घेऊन धावले. पाणी लागू नये म्हणून खांब दगडावर ठेवतात, हे मी तुला सांगायलाच विसरलो होतो. आता प्रत्येक घरात आधी तेच सांगेन. आभार मानले की तुला राग येतो, तरी मानतो. संस्था तू वाचवलीस. कबूल केलेले दिवस संपले, आता खुशाल आपल्या खोलीवर जा.

तुझ्या ऋणातच सुखी असलेला,
बारक्या

५ जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

खोली सोडली. या घराचे हप्ते मी इतरांसारखेच भरणार, त्यात भाऊगिरी नको.

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायची मनाई, म्हणून आईचा फोटो इतकी वर्षं कपड्यांच्या घडीत ठेवला होता. खिळ्याने बांबू चिरतो म्हणून सुतारकाकांनी भोक पाडायला शिकवलं. मी कुणाची परवानगी न मागता पाडलं. आई भिंतीवर आली रे. लवकर ये, तिच्यासमोर बसून जेवू.

वाट पाहणारी,
ताई