मी सोडतो

सोमवार, ३ जुलै
गाडीची क्लचप्लेट बदलली. स्वतः. अकरा व्हिडिओ पाहिले, बाराव्याची गरज पडली नाही. एकही बोल्ट उरला नाही. बायकोने दोनदा विचारलं.
शनिवारी सकाळी सातला लेक नोकरीच्या गावी निघते. पहिल्यांदाच घराबाहेर. सगळ्यांना सांगून टाकलंय, मी सोडतो. मेहुणा त्याची गाडी घेऊन टपलाय. तिला क्लचच नाही, ऑटोमॅटिक. त्याला काय गाडी म्हणायची?

मंगळवार, ४ जुलै. स. ७
पेडल दाबलं. खाली गेलं ते वर आलंच नाही. पायाच्या बोटांनी उचलावं लागतं. नवीन पार्ट आहे, रुळेल.
७.४० : रुळलं नाही. शाळेत बसने. नववीला कर्मणी प्रयोग शिकवताना डावा पाय टेबलाखाली सारखा क्लच दाबत होता.

बुधवार, ५ जुलै
कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला सहज विचारलं. गाडी मित्राची म्हणालो. पाइप काढताना हवा शिरली असणार, एअर काढा, दोन माणसं लागतात, असं त्याचं मत. वर मित्राला हात रॉकेलने धुवायला सांगा म्हणाला. आगाऊ आहे.
पद्धत सोपी. एकाने पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने गाडीखाली झोपून नट सैल सोडायचा, बुडबुडे बाहेर. नट आवळला की मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत. लेकीला समजावलं. उद्या अर्ध्या तासाचं काम.

गुरुवार, ६ जुलै
दोन तास. लेक पेडलवर, मी खाली. मी 'दाब' म्हणतो, ती दाबते. मी पाना लावतो, तिला कळावं म्हणून मोठ्याने 'सोडतो' म्हणतो. नट सैल होतो न होतो तोच हिचा पाय वर! चौदा वेळा. नाकात पाइपातलं ऑइल.
बोललो तिला. लक्ष कुठाय, जायचीच घाई झालीय, म्हटलं. ती आईला म्हणाली, बाबा सांगतात तेच करतेय. उलट उत्तर द्यायला बरी शिकली.

शुक्रवार, ७ जुलै
रजा टाकली. क्लचचा खालचा सिलिंडर नवा आणला. पुन्हा एकवीस वेळा. तेच.
लेक रडली. मीही रडलो, पण गाडीखाली असल्याने कोणाला दिसलं नाही. मेहुण्याने फोन करून सातला येऊ का विचारलं. बायकोने मला न विचारता हो म्हणून टाकलं. हरकत नाही. पहाटे पाचला उठून एकट्याने करायचं. पेडलला काठीचा टेकू द्यायचा. हे आधीच सुचायला हवं होतं.

शनिवार, ८ जुलै
काठी मोडली.
७.१० : गेली. दाजी, काळजी करू नका, असं मेहुणा म्हणाला. हात काळे होते आणि तिचा ड्रेस पांढरा. जवळ घेता आलं नाही.

रविवार, ९ जुलै
मी नको म्हणत असताना बायको पेडलवर बसली. पहिल्याच 'सोडतो'ला तिने पाय तसाच ठेवला, खिडकीतून डोकं काढलं आणि विचारलं, तुम्ही सोडताय, की मला 'सोड तो' म्हणताय?
बराच वेळ गाडीखालीच पडून राहिलो.
पंचवीस वर्षं व्याकरण शिकवतोय. चूक माझी नाही, मराठीच मोघम आहे. पुढे 'उघडतो' म्हणालो. पाच वेळांत पेडल झकास.
११.३० : लेकीचा फोन. तिची उशी इथेच राहिली, रात्रभर झोप नाही. लगेच निघतो, चार तासांत घेऊन येतो, म्हणालो. एवढ्यासाठी कशाला, उद्या कुरिअर करा, असं तिचं म्हणणं. मला गुरुवारचं काहीतरी बोलायचं होतं. तिला तिकडून कोणीतरी हाक मारली.

सोमवार, १० जुलै
शाळेआधी निघालो. उशी शेजारच्या सीटवर. ब्रेक मारला की पडते म्हणून बेल्ट लावला. कुरिअर दोन सिग्नल पुढे. एकही गिअर खरखरला नाही.
खिडकीवरच्या बाईंनी नाजूक काही आहे का विचारलं. नाही म्हणालो. त्यांनी उशी ओढली. पुन्हा ओढली. मग म्हणाल्या, काका, सोडा आता.
सोडली.